अर्ध्या उंचीचं कार्ड

माझ्या दादाला गिऱ्हाईकं पाठीमागे 'फुंकर' म्हणायची. कॉम्प्युटर कुणाचाही असो, झाकण उघडलं की पहिलं काम म्हणजे गाल फुगवून आत एक लांब फुंकर मारायची. दुकानात हवेचा पंप होता, मीच हौसेने आणला होता, तो त्याने दोनदा वापरून कोपऱ्यात ठेवून दिला. म्हणे, पंपाने धूळ उडते, पण कळत काही नाही. त्याला धुळीतून कळायचं. तेलकट धूळ निघाली की तो गिऱ्हाईकाला सांगायचा, हा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलाय, हलवा तिथून. दोऱ्याचे तुकडे निघाले की शिलाईचं दुकान. केस निघाले की मांजर, आणि मग अर्धा तास मांजराच्या गप्पा. पंखा हातात धरून तो सांगायचा की हा रोज फिरतो आणि हा नुसता शोभेला आहे. फिरणाऱ्या पात्याच्या कडेला धुळीची रेघ धरते, न फिरणाऱ्याची कड कोरी राहते. हे मला त्यानेच शिकवलं. शिकवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

दुकान आम्हा दोघांचं होतं. तो कॉम्प्युटर बघायचा, मी प्रिंटर. एकाच लांब टेबलाची दोन टोकं, मध्ये एक पांढरी रेघ, कारण माझी शाई त्याच्या बाजूला गेली की तो घर डोक्यावर घ्यायचा. बावीस वर्षं आम्ही त्या रेघेवरून भांडलो. भांडण संपलं की चहा मागवायचा, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून परत भांडायचं. माझं लग्न टिकलं नाही, हे टेबल टिकलं, असं मी म्हणायचे आणि तो हसायचा नाही. त्याला माझ्याबद्दल असं बोललेलं खपत नसे, मी स्वतः बोलले तरी.

त्याचे दोन हट्ट होते. एक म्हणजे, त्याच्या हातून गेलेला कॉम्प्युटर त्याच तक्रारीसाठी परत येता कामा नये. आला तर तो दोन दिवस नीट जेवायचा नाही. दुसरा हट्ट असा, की नवीन काही बसवलं तरी जुनं बंद करायचं नाही. नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड, बसवलं की बाकीचे कारागीर कॉम्प्युटरमधली मूळची चित्राची सोय बंद करून टाकतात. दादा ती मुद्दाम चालू ठेवायचा. मग मॉनिटरची केबल मागच्या जुन्या पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या खाचेला, लावा नाहीतर नव्या कार्डाच्या पोर्टला, पडद्यावर चित्र दिसणारच. ''उद्या कार्ड गेलं तर माणूस अडून बसायला नको,'' तो म्हणायचा. बाकीचे त्याला हसत. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. कारागिराने गिऱ्हाईकाच्या उद्याचाही विचार करावा, हे मला पटायचं.

आता वहिनीबद्दल. वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी वेगळा ब्रेक, आणि तोंडाचा पट्टा चालू. सत्तावीस वर्षांत तिने किती जणांना गाडी शिकवली याचा हिशोब नाही, पण रस्त्याने तिच्याबरोबर निघालं की चारचाकीतली माणसं काच खाली करून नमस्कार करायची, आणि ती नमस्कार घ्यायच्या आधी ओरडायची, ''पुढे बघ, पुढे!'' दादाला गाडी चालवता येत नव्हती. तिने शिकवायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या दिवशी दोघंही पायी घरी आले, आणि गाडी दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून दिली.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. खोकला म्हणता म्हणता ऑक्सिजनच्या मशीनपर्यंत प्रकरण आलं. खोलीत पलंग, पलंगाशेजारी ते घरघरणारं मशीन, तिच्या नाकाला नळी. नळीची लांबी संडासापर्यंत पुरायची, बाहेरच्या दारापर्यंत नाही. जिने जन्म रस्त्यावर काढला तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. ती रडायची नाही. पण बसल्या बसल्या तिचा उजवा पाय चादरीखाली ब्रेक दाबायचा, ते मी बघितलंय.

दादाने तिला गाडी चालवायचा खेळ आणून दिला. मॉनिटर भिंतीवर टांगला, मांडीवर धरायचं एक स्टिअरिंग आणलं. मोठं कॅबिनेट ठेवायला जागाच नव्हती, म्हणून चपलांच्या खोक्याएवढा छोटा कॉम्प्युटर ऑक्सिजनच्या मशीनमागे उभा केला. पहिल्या दिवशी वहिनी नाक मुरडून म्हणाली, ''ह्यात आरसे कुठे आहेत?'' दुसऱ्या दिवशी तिने आरसे शोधले. तिसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी दोन तास लांबच्या लांब रस्त्याने एकटी जायला लागली. शर्यती तिला नको होत्या. ती आपली साठच्या वेगाने, वळणाला सिग्नल देत, रिकाम्या रस्त्यावर सुद्धा.

तिची तक्रार एकच. छोट्या कॉम्प्युटरचा तो जीव केवढा! खेळातला रस्ता थोडा पुढे जायचा आणि मग सगळं करड्या धुक्यात. झाडं एकदम समोर उगवायची. ''पुढे काय आहे ते दिसतच नाही हो,'' ती म्हणाली. ''शंभर पावलांपलीकडे जगच नाही. मग जायचं कुठे?''

हे तिने सहज म्हटलं असेल. दादाने ते मनाला लावून घेतलं. तिचे फुप्फुसाचे रिपोर्ट त्याच आठवड्यात आले होते, आणि त्यांत करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं. धुकं घालवणं मात्र त्याच्या हातात होतं.

ग्राफिक्स कार्ड बसवलं की पडद्यावरचं लांबचं दिसणार, इतकं साधं. पण त्या खोक्यात नेहमीचं कार्ड मावत नाही. अर्ध्या उंचीचं लागतं, आणि तेही वेगळी वायर न जोडता चालणारं, कारण छोट्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला जास्तीचा भार झेपत नाही. दादा दोन महिने त्यामागे होता. शेवटी मनासारखं कार्ड मिळालं, तर ते खोक्याला अडकवायची, त्याच्याबरोबर आलेली पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची. विकणारे अर्ध्या उंचीची पट्टी पार्सलमध्ये टाकायला विसरले होते. मी म्हटलं, परत पाठव. तो म्हणाला, परत पाठवून यायला महिना लागेल, आणि तिच्याकडे महिने काय ढिगाने पडलेत? त्याने पट्टी कापली आणि दोन संध्याकाळी कानशीने घासत बसला. बोटाने चाचपायचा, घासायचा, परत चाचपायचा.

चाचपायचा, कारण त्याला दिसत नव्हतं. हे मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं. त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं जायचं. चालता यायचं, पण वाचता यायचं नाही. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. 'चष्मा जुना झालाय,' एवढंच. स्क्रू तो बोटांनी ओळखायचा, आणि बोटं इतकी तयार होती की काम चालून जायचं. एकदा तो आंघोळीला गेलेला असताना वहिनीने मला जवळ बोलावलं.

''शाईबाई,'' ती मला शाईबाई म्हणायची, ''त्यांना डोळ्यांचं विचारू नकोस. सांगतील तेव्हा ऐकू.''

''तुला कधीपासून माहिती?''

''अगं, मी माणसांना गाडी शिकवते. समोरच्याला किती दिसतं ते मला नाही कळणार?'' मग दम घेऊन म्हणाली, ''दुकान सुटलं तर ते माझ्याआधी जातील.''

कार्ड त्याने एकट्याने बसवलं. मी येते म्हटलं तर म्हणाला, ''प्रिंटरवाल्यांनी शाईत हात घालावा.'' रविवारची दुपार होती. मी संध्याकाळी गेले तेव्हा तो पलंगाच्या काठावर बसला होता, आणि इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

''विचार तिला,'' तो म्हणाला.

''काय गं वहिनी, गेलं का धुकं?''

''गेलं की!'' वहिनी म्हणाली. ''लख्ख! आणि पुढे काय आहे माहितीये? डोंगर. पाच डोंगर आहेत. चौथ्याचा एक खांदा उतरलाय, हुबेहूब तुझ्या भावासारखा.''

दादा मान खाली घालून हसला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी पडद्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, हातात तिच्या औषधांची पिशवी होती, आणि कुठली गोळी जेवणाआधी ते मी तिला बजावत होते. मान वळवायला किती वेळ लागतो? मी वळवली नाही. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्यानंतर आठ महिने त्यांचा एक नेमच झाला. दुपारी तीनला दादा दुकान माझ्यावर टाकून घरी जायचा, पलंगाच्या काठावर बसायचा. ती गाडी चालवायची आणि काय दिसतं ते सांगायची. त्याला दिसत नाही असं दोघांपैकी कुणी म्हणायचं नाही. ती आपली शिकवायच्या सवयीने बोलते आणि तो आपला ऐकतो, एवढंच. चार-साडेचारला तो परत येऊन मला सगळं सांगायचा. आज दुसऱ्या डोंगरावर ऊन होतं. आज तिसऱ्याच्या पायथ्याशी धूर दिसला, वस्ती असणार. आज चढ लागला. मी प्रिंटरच्या पोटात हात घालून हूं हूं करायचे. कधीकधी वैतागायचेही. ''दादा, डोंगर कुठे पळून जात नाहीत, हे पार्सल आधी बांध,'' असंही मी त्याला म्हटलंय.

वहिनी थंडी सरता सरता गेली. दुपारीच गेली, दवाखान्यात, अडीचच्या सुमाराला. दादाने घड्याळाचं विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, ''अर्धा तास थांबली असती.''

त्यानंतर तो दुकानात आला नाही. डोळ्यांचं सगळ्यांना कळलं, कारण आता लपवून ठेवायला घरात कुणी मदतीला नव्हतं. स्क्रूड्रायव्हरचा संच त्याने माझ्याकडे पाठवून दिला. पांढरी रेघ मी पुसली नाही. त्याच्या बाजूला मी काही ठेवत नाही, शाई तर मुळीच नाही. गिऱ्हाईकं विचारतात, फुंकर कुठे? मी सांगते, विश्रांती घेतोय.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. ''येतेस का जरा? कॉम्प्युटर चालू करून दे. ती जिथे थांबली होती तिथून पुढे थोडं जा. मला सांग काय दिसतं ते.'' आणि ठेवता ठेवता म्हणाला, ''आधी उघडून साफ कर. चार महिने बंद आहे. तसाच चालू करायचा नाही.''

खोली तशीच होती. ऑक्सिजनचं मशीन परत गेलं होतं, त्यामुळे ती घरघर नव्हती. दादा पलंगाच्या काठावर, त्याच्या नेहमीच्या जागी. मी खोका ओढून घेतला, केबली काढल्या, झाकण उघडलं.

''फुंकर मार,'' तो म्हणाला.

मी मारली. धूळ उडाली, बारीक, कोरडी. मी खाली वाकले आणि कार्डाचा पंखा बघितला. पात्यांच्या कडा कोऱ्या होत्या.

असा पंखा कार्डाला काम लागलं की फिरतो; आधी मला वाटलं, बिघडला असेल. मग मी खोका फिरवून मागची बाजू बघितली. कार्डाच्या पोर्टावर नवं असताना प्लास्टिकची एक लहानशी लाल टोपी असते, धूळ जाऊ नये म्हणून. ती टोपी अजून तिथेच होती. मॉनिटरची केबल मी आताच काढली होती, ती कुठून काढली तेही आता लक्षात आलं. वरच्या जुन्या पोर्टातून. दोन्ही पोर्ट आकाराने अगदी सारखी, चार बोटांच्या अंतरावर. बोटांना जे आधी लागलं त्यात त्याने केबल घातली होती. दुसऱ्या कुणा कारागिराने जुनी सोय बंद केली असती, तर पडदा काळा राहिला असता आणि चूक पाच मिनिटांत उघडी पडली असती. दादाने ती चालू ठेवली होती, माणूस अडून बसू नये म्हणून. चित्र आलं. जुनंच आलं, त्याच धुक्याचं. आणि समोरचं त्याला दिसत नव्हतं.

तिला दिसत होतं. तिला पहिल्या मिनिटाला कळलं असणार की काहीही बदललेलं नाही. 'अहो, तसंच आहे,' एवढं ती म्हणाली असती तर त्याने परत उघडलं असतं, परत चाचपलं असतं, आणि आपल्या बोटांचा भरवसा सुटला हे त्याला तिच्यासमोर कळलं असतं. म्हणून तिने डोंगर उभे केले. आठ महिने, रोज दुपारी, धुक्यात बघत, पुरत नसलेल्या श्वासावर, ती त्याला डोंगर सांगत राहिली. आणि त्या रविवारी माझ्याकडे बघत राहिली, की ही कारागीर आहे, हिला कळेल, ही गुपचूप मागे हात घालून बदलून देईल. तिला खरंच धुक्यापलीकडे बघायचं होतं. माझ्या एका मान वळवण्यावर ते होतं, आणि मी गोळ्या मोजत बसले होते.

''पट्टी बघितलीस?'' दादा म्हणाला. ''कानशीने घासलेली. कड लागते का हाताला?''

''नाही लागत,'' मी म्हटलं. ''मस्त बसलीय.''

''पहिल्या झटक्यात बसली. परत उघडावं लागलं नाही एकदाही.''

मी लाल टोपी काढून खिशात टाकली. झाकण लावलं. केबल कार्डाच्या पोर्टात घातली. टक् असा आवाज झाला.

त्याची मान एकदम वर झाली. ''मी ती वर घातली होती ना? आवाज खालून आला.''

''माझाच हात खाली आपटला,'' मी म्हटलं. ''तू बस ना शांत. जन्मभर माझ्या कामात नाक खुपसलंस.''

मी चालू केलं. खेळ उघडला. सेटिंगमध्ये सगळं तळाला होतं, कमीत कमी. दादाने त्या दिवशी तिला सगळं वर करायला सांगितलं असणार, तिने केलं असणार, चित्र गोठलं असणार, आणि तिने ते गुपचूप परत खाली आणलं असणार. मी एकेक करून सगळं वर नेलं.

वहिनीची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. दोन्ही सिग्नल लुकलुकत होते. थांबताना मागच्याला कळलं पाहिजे, हे तिने हजारदा सांगितलेलं. मला तिथेच रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी बाही तोंडात धरली.

''निघालीस का?''

''निघतेय.''

''आरशात बघ आधी,'' दादा म्हणाला. हे तिचं वाक्य होतं.

मी आरशात बघितलं आणि निघाले. धुकं राहिलं नव्हतं. रस्ता स्वच्छ, सरळ, दूरवर जाणारा, दोन्हीकडे गवत, गवताचं पातं न् पातं दिसत होतं. एक वळण घेतलं आणि रस्ता संपेपर्यंत सगळं दिसलं. डोंगर नव्हते. एकही नव्हता. जमीन सपाट होत होत उतरत गेली होती, आणि शेवटी पाणी होतं. समुद्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता समुद्र, त्यावर ऊन. वहिनी त्याच्यापासून दोन वळणांवर थांबली होती.

''आले का डोंगर?'' दादाने विचारलं.

तो पलंगाच्या काठावर पुढे सरकला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा पडद्याच्या थोडा बाजूला वळवलेला, कडेच्या नजरेत काही येतंय का ते बघत.

''आले,'' मी म्हटलं.

''किती आहेत?''

''पाच.''

''चौथा?''

''खांदा उतरलाय त्याचा. तुझ्यासारखा.''

त्याने श्वास सोडला. किती महिन्यांचा धरून ठेवला होता कुणास ठाऊक. ''म्हणजे बरोबर बसवलं होतं मी,'' तो म्हणाला. ''मला सारखं वाटायचं, की ती आपलं उगीच म्हणतेय.''

''ती कशाला उगीच म्हणेल?'' मी म्हटलं.

''हं. पुढे जा.''

पुढे रस्ता नव्हता. मी गाडी पाण्याच्या काठाशी उभी केली, दोन्ही सिग्नल लावले, आणि चढ किती उरलाय ते त्याला सांगायला लागले.